कपाटावरच्या टिकल्या

बाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, तेवढ्यात त्यांनी माझ्या कपाळावरची टिकली काढून घेतली होती.

मी जुन्नर तालुक्यातून बदली होऊन लोणीजवळच्या त्या शाळेत हजर झाले, तो पहिलाच दिवस. हेडमास्तर चहा सांगायला बाहेर गेले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक उंच, वाळकी, पन्नाशी उलटलेली बाई उठली, माझ्याजवळ आली, हनुवटी धरून माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं आणि नखानं टिकली उचकटली. मग ती टिकली त्यांनी लोखंडी कपाटाच्या दारावर नेऊन चिकटवली. तिथं आधीच पुष्कळ होत्या. लाल, मरून, काळ्या, खड्यांच्या, नागमोडी. देवी आलेल्या पोराच्या अंगासारखं ते दार दिसत होतं.

"रात्री काढून झोपता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आन् आंगुळीला?"

"आंघोळीला आरशाला लावून ठेवते. मग परत..."

"परत तीच?"

"तीच."

"मंग बराबर हाय," असं म्हणून त्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि वह्या तपासायला लागल्या.

माझा राग तसा नाकावरच असतो. त्यात बाईंचं स्वतःचं कपाळ मोकळं, गळा मोकळा. विधवा बाईनं नव्या शाळेतल्या पहिल्या दिवशी माझं कपाळ उघडं करावं, हे मला चांगलंच झोंबलं. शिकली सवरलेली असले तरी झोंबलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता हसला आणि म्हणाला, "मी अजून आहे गं, वाढ जरा भाजी." सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी उठून देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

गावात त्यांना "कातडीबाई" म्हणत. तोंडावर नाही, पण माघारी सगळेच. शाळेतली पोरं तर भिंतीवर खडूनं लिहीत आणि बाई स्वतः ते ओल्या फडक्यानं पुसत, कुणी लिहिलं ते न विचारता. नाव तसं चुकीचं नव्हतं. माणूस समोर आला की बाई आधी त्याचं कातडं बघत, मग तोंड. दहा वर्षांनी भेटलेल्या माजी विद्यार्थ्याला त्या नावानं ओळखत नसत, पण "तू तो कोपराला खरूज झालेला" असं बरोबर सांगत. तो बिचारा बायकोला घेऊन आलेला असे.

आमच्याकडं आजारापेक्षा उपाय फार. तोंडावर पुटकुळी आली की टूथपेस्ट. टाचेला भेग पडली की मेणबत्ती. गजकर्णाची ट्यूब आणून पोरी तोंडाला चोळणार, कारण कुणीतरी सांगितलं की रंग उजळतो. महिनाभर उजळतोही. मग तोंड असं लालभडक होतं की पोरगी ओढणी गुंडाळून फिरते. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आया पोरांना कपड्याच्या साबणानं आणि वजरीनं घासून काढत. बाई सकाळी फाटकात उभ्या राहून एकेका पोराची मान बघत आणि म्हणत, "घासून काळं जात न्हाई रं, कातडं जातं."

बायका त्यांच्याकडं येत. शाळा सुटल्यावर, डोक्यावर पदर घेऊन, कुणी बघत नाही ना हे पाहून येत. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाई, काय लावू?" त्यावर बाईंचं उत्तरही एकच असे. "काय लावू ते इचारू नगा. काय काढू ते इचारा." मग उलटतपासणी सुरू व्हायची. अंगाला कोणता साबण, भांड्याला कोणता, फवारणीनंतर हात कशानं धुता, ओली पोलकी अंगावर किती वेळ ठेवता. शेवटी दोन-तीन गोष्टी बंद करायला सांगून त्या बाईला घालवून देत. सोबत काही देत नसत. हात हलवत परत जाणाऱ्या बाईला वाटे, हिनं आपल्याला काहीच दिलं नाही. बरी झाली तरी तिला तसंच वाटे.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. "कातडं आधी खाजून सांगतं. मंग लाल हुऊन सांगतं. तरी आयकलं न्हाई तर सांगायचं सोडून देतं. तवा भ्यावं."

स्वभावानं बाई गोड नव्हत्या. मऊसुद्धा नव्हत्या. नखं कुरतडणाऱ्या पोराच्या बोटांना त्या कारल्याचा रस लावत. एकदा सहावीतली एक पोरगी गळ्यापर्यंत पावडर थापून आली, तर सगळ्या वर्गासमोर तिला नळावर नेऊन धुतलं. पोरगी हमसून रडली. मी बाईंना म्हटलं, हे बरं नाही केलं तुम्ही. त्या म्हणाल्या, "लाजली तर ध्यानात राहील." मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण पारगावच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीवाल्यांची पोरं शाळेत यायची, पाचटानं हातापायावर बारीक बारीक कापलेली, त्या पोरांना बाई मधल्या सुट्टीत ओळीनं बसवायच्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन प्रत्येकाच्या टाचा चोळायच्या. तेव्हा त्या कुणाशीच बोलत नसत. पोरंही गप्प बसत. त्यांच्या पायाला असा कुणी हात लावत नसावं.

टिकलीवर मात्र त्यांचा खास राग. गावातली, परगावची, ओळखीची, बिनओळखीची, एसटीत शेजारी बसलेली, कुणाचीही टिकली त्या काढत. बहुतेक वेळा विचारून, क्वचित न विचारता. एकदा झेंडावंदनाला सरपंचांची बायको पाहुणी म्हणून आली होती. नारळ फुटला, खाऊ वाटला, आणि बाईंनी पुढं होऊन तिच्या कपाळावरची भली मोठी चंदेरी काठाची टिकली काढली. तिथंच, सगळ्या गावासमोर.

जो गलका झाला तो अजून माझ्या कानात आहे. नवरा बाजूला उभा असताना सवाष्णीचं कपाळ पुसलं, तेही विधवेनं, आणि तेही सणाच्या दिवशी! सरपंचीण पांढरीफटक पडली. तिची जाऊ बाईंच्या अंगावर धावून आली. "तुजं पुसलंया म्हनून आमचंबी पुसती का गं?" हेडमास्तर हात जोडून सगळ्यांच्या मधून फिरत होते. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माजा नवरा गेला तवा माज्या कपाळाला धा रुपयाची टिकली व्हती. तिनं काय त्याला धरून ठिवला न्हाई."

असं कुणी बोलतं का? खरं असलं तरी बोलतं का? त्यानंतर बाईंची बदली करा म्हणून लोक घोडेगावला पंचायत समितीत जाऊन आले. पुढं ते बारगळलं. आणि महिना गेला असेल नसेल, एका दुपारी शाळा सुटल्यावर सरपंचीण एकटी आली. मी वह्या आवरत होते. मला बघून ती अडखळली, पण बाईंनी मानेनंच आत बोलावलं. तिनं टिकली काढली. खाली ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"त्या दिशी तुमी हेच बघितलं व्हतं ना?" तिनं विचारलं. "कोड हाय का वं?"

"कोड न्हाई. गोंद हाय," बाई म्हणाल्या. "टिकलीचा गोंद. आजपस्नं कपाळ मोकळं ठिवा."

"मोकळं कसं ठिवू? लोक काय म्हंत्याल?"

"आज टिकली काढली तर लोक चार दिस म्हंत्याल. न्हाई काढली तर जलमभर म्हंत्याल."

तोवर मला वाटायचं, बाईंना एक नाद आहे. काहींना कुत्र्यांचा असतो, काहींना कोर्टकचेरीचा, तसा. त्या दिवशी सरपंचीण गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "चला मॅडम, घरी चहाला." दोन वर्षांत त्यांनी मला घरी बोलावलेलं ते पहिल्यांदा.

दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. ओट्यावर बाईंची लेक मेथी निवडत बसली होती. चोविशीची असेल. आईसारखी उंच, पण भरलेली, डोळे टपोरे. आणि कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा पांढरा डाग. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या आणि कपाळ मोकळं. असं रूप मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझी नजर कुठं गेली ते तिला कळलं. तिनं मान खाली घातली नाही, उलट सरळ माझ्याकडं बघितलं. नजर मला काढून घ्यावी लागली.

चहा पिताना बाईंनी सगळं सांगितलं. लेक आत होती, तिला ऐकू जात होतं, तरी आवाज लहान केला नाही.

लेक ओतूरकडं एका बागायतदाराच्या घरी दिलेली. जावई चाकणला कंपनीत. माणसं चांगली. सासरी बिनाटिकलीचं कपाळ सासूला खपत नसे, म्हणून रात्रंदिवस टिकली. वर्षाच्या आत टिकलीखाली फिकट ठिपका आला. लेक माहेरी आल्यावर तिनं आईला दाखवला. आई म्हणाली, थोडी मोठी टिकली लाव, झाकून जाईल. पुढच्या सणाला ठिपका टिकलीबाहेर आला. आईनं त्याहून मोठी आणली. मंचरच्या बाजारातून, दुकानात उभं राहून, लेकीच्या साड्यांना शोभतील अशा स्वतः निवडून आणल्या.

"डाग फुडं पळत व्हता," बाई म्हणाल्या, "आन् मी टिकली घिऊन त्याच्या मागं. पोरांना शास्त्र शिकवते मी, मॅडम."

मग एक दिवस सासूनं बघितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. भावाला बोलावलं, नणंदेला बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की कोड आहे, आणि ते लपवून मुलगी दिली. घरात धाकटी मुलगी लग्नाची. भावजयीला कोड आहे म्हटल्यावर तिला कोण पत्करणार? मी या शाळेत यायच्या थोडं आधी त्यांनी लेकीला माहेरी आणून सोडलं. मंचरच्या कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून सांगितलं, हे कोड नव्हे, टिकलीच्या गोंदानं रंग मारलाय. कपाळ पूर्ण मोकळं ठेवा, मलम लावा, सकाळचं कोवळं ऊन द्या. रंग परत यायला वेळ लागेल, पण येईल. मात्र परत टिकली लावलीत तर डाग पुन्हा उमटेल, आणि दुसऱ्या खेपेला रंग फिरेलच असं सांगता येत नाही.

बाईंनी हे सगळं मध्यस्थाकरवी सासरी कळवलं. तिकडून निरोप आला, "डाग गेला की न्यायला येऊ. तोवर राहू द्या."

म्हणजे त्या पोरीचा संसार कपाळावरच्या त्या रुपयाएवढ्या कातड्यात अडकून पडला होता. शाळेतलं कपाट माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि पहिल्या दिवशी माझी टिकली ओढणाऱ्या या बाईचा मला आलेला राग. मी घरी गेले आणि टिकलीचं पाकीट चुलीत टाकलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग करंड्यातल्या साध्या कुंकवावर आमची तडजोड झाली.

त्यानंतर मी त्या घरी वरचेवर जायला लागले. रोज सकाळी शाळेआधी बाई लेकीला ओट्याच्या कडेला उन्हात बसवत. येणारे-जाणारे बघत. कुणी म्हणे, दूध आणि मासे एकत्र खाल्ले असतील. कुणी भीमाशंकरचा अंगारा आणून देई. कुणी म्हणे, लग्नात देवक चुकलं. बाई अंगारा घेत आणि परसातल्या वांग्याच्या बुडाशी टाकत. लेक गुमान बसे. पण एकदा बाई आत गेल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, आई माज्याकडं बघतच न्हाई. कपाळाकडंच बघती."

आणि एका सकाळी बाई शाळेत आल्या त्या जवळजवळ धावतच. माझा हात धरून मला बाहेर नेलं. "ठिपकं आलंत," त्या म्हणाल्या, "तिळावानी. डागाच्या मदी, तपकिरी." बाईंना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. दात छान होते त्यांचे. ठिपके वाढत गेले, एकमेकांना मिळत गेले. पावसाळा गेला, कांद्याची रोपं टाकून झाली, आणि डागाच्या जागी फक्त एक पुसट सावली उरली. ठाऊक असलेल्या माणसालाच दिसावी एवढी.

बाईंनी निरोप धाडला. आणि कामाला लागल्या. हळकुंडं आणली, लिंबाचा रस आणि टाकणखार घालून मुरवली, सावलीत वाळवली, दळली, वस्त्रगाळ केली. लेकीच्या कपाळाला चालेल असं कुंकू त्यांना स्वतःच्या हातानं करायचं होतं. डॉक्टरांना दाखवून आल्या. ते म्हणाले, हे चालेल, फक्त चिकट काही नको. आजूबाजूच्या बायका कुजबुजल्या, विधवा बाई कुंकू करते. बाईंनी एक चांदीचा करंडा आणला आणि त्यात ते भरलं.

न्यायला येण्याचा दिवस ठरला. बाई मला म्हणाल्या, "वटी तुमी भरा. माजा हात चालत न्हाई." हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, की सरपंचिणीच्या जावेला बाणेदार उत्तर देणारी हीच का ती, असं मला वाटलं. मी नऊवारी नेसून गेले.

सासू, जावई आणि सासूचा भाऊ असे तिघं आले. सासू वाईट बाई नव्हती. उगाच कुणाला वाईट का म्हणा. तिनं आल्या आल्या सुनेला जवळ घेतलं, हनुवटी वर केली, कपाळावरून अंगठा फिरवला आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. "देवानं आयकलं गं बाई," ती म्हणाली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. देवानं काय ऐकलं आणि त्यांनी काय केलं, यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत.

जेवणं झाली. मी लेकीची ओटी भरली, करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि तिच्या कपाळाला लावलं. सुरेख दिसलं. सासूनं विचारलं, "ह्ये कुंकू कुठलं?"

"घरचं हाय," बाई म्हणाल्या. "मी केलंय. डॉक्टरला दाखवलंय. त्ये संगं घिऊन जा, इहीनबाई, वर्सभर पुरंल."

सासूनं करंड्याकडं बघितलं. मग बाईंच्या कपाळाकडं. हात पुढं केला नाही. "असू द्या," ती म्हणाली, "ह्ये उडून जातंया. जीपगाडीचं वारं. आन् जरा सावली दिसतीया अजून. आमच्या गावची लोकं लई वंगाळ, लगीच बघत्याल." असं म्हणून तिनं आपल्या पिशवीतून पाकीट काढलं, त्यातली एक मोठी मरून टिकली घेतली आणि मी लावलेल्या कुंकवावर पदराचं टोक फिरवून तिथं दाबून बसवली.

मी म्हणाले, "अहो, डॉक्टरांनी..."

बाईंनी मागून माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की बांगडी रुतली. "ऱ्हाऊं द्या, मॅडम," त्या म्हणाल्या.

लेक आईकडं बघत होती. वाट बघत होती, हे मला स्पष्ट दिसलं. साऱ्या तालुक्याच्या कपाळावर जो हात न विचारता गेला, तो आता येईल अशी ती वाट बघत होती. बाईंचा हात उठला. कपाळापर्यंत आला. मग त्या हातानं लेकीचा पदर डोक्यावर सारखा केला आणि तो खाली आला. काय करणार होत्या त्या? जावई शेजारी उभा, सासूच्या तोंडावर नुकतं हसू आलेलं, दारात गाडी. विधवा आईनं त्या घडीला लेकीचं कपाळ पुसलं असतं, तर ती गाडी मोकळीच गेली असती. मी त्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच मला ते सहन होत नाही.

गाडी गेल्यावर बाई ओट्यावर बसल्या. करंडा तिथंच होता. मी म्हटलं, फोन करून सांगा तिला, रात्री तरी काढत जा म्हणावं. "सांगितलंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, तर बाई माझ्याआधी आलेल्या. रॉकेलचा बोळा आणि पट्टी घेऊन कपाटाचं दार खरवडत होत्या. टिकल्यांचा ढीग खाली केरात पडला होता. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "कपाट सरकारी हाय." दार स्वच्छ झालं, पण प्रत्येक टिकलीच्या जागी रंग उडून गोल पांढरट खूण राहिली होती. त्यावर बाईंनी सूचनांचे कागद डकवले.

त्यानंतर त्यांनी कुणाची टिकली काढली नाही. बायका आल्या तर म्हणत, डॉक्टरांकडं जा. खोबरेल तेलाची बाटली मात्र चालू होती, ऊसतोडीच्या पोरांपुरती. मधल्या सुट्टीत त्यांना लेकीचा फोन येई. बाई विचारत, "काढून ठिवती ना रातीला?" पलीकडून काय उत्तर येई ते मला ऐकू येत नसे. पण बाई दर वेळी तेच विचारत. सकाळी उठल्याबरोबर सुनेचं कपाळ मोकळं दिसू नये, अशी त्या घरची रीत होती. झोपताना काढायची सोय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली घोडेगावच्या बाजूला झाली. निरोपाच्या दिवशी बाईंनी मला तो करंडा दिला. भरलेला होता. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुमच्या हातानं लागलंय त्ये. हितं कुनाला लावू?" कुंकू मी वापरलं. संपत आलं आहे.

यंदा हेडमास्तरांचा फोन आला, त्यांच्या मुलाच्या लग्नाचा. बोलता बोलता सांगितलं, बाई निवृत्त झाल्या, आणि लेक परत आली. डाग आला होता, आता भुवईपर्यंत उतरलाय. सासरच्या धाकट्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी दीर गाडीतून आणून सोडून गेला. डॉक्टरांनी पुन्हा मलम दिलं, पण या खेपेला तीळ उठले नाहीत. जावयाला दुसरी बघतायत म्हणे. "बाई कुनाशी बोलत न्हाईत, मॅडम," हेडमास्तर म्हणाले. "तुमी जाऊन या येकदा."

मी गेले. जायच्या आधी मंचरच्या स्टँडवर उतरले, समोरच्या दुकानातून टिकलीचं पाकीट घेतलं आणि त्यातली सगळ्यात मोठी, लालभडक, काठाला खडे असलेली टिकली कपाळावर चिकटवली. दुकानातल्या आरशात मी सोंगासारखी दिसत होते. पण मला खात्री होती. बाई बघतील, हनुवटी धरतील, ओरबाडून काढतील, चार शब्द ऐकवतील. चिडल्या तर बऱ्या होतील, असं माझं साधं गणित होतं.

ओट्यावर ऊन होतं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. फार खंगल्या होत्या. मी समोर बसले, अगदी उजेडात. कशा आहात, म्हटलं. बरी हाय, म्हणाल्या. आतून लेक पाणी घेऊन आली. गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं. आणि कपाळावर टिकली. भली मोठी, मरून. तरी पुरली नव्हती. तिच्या चारी बाजूंनी पांढरं बाहेर आलं होतं, खाली भुवईचे केससुद्धा पांढरे झाले होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तू का लावतेस आता?"

"आता कशाला काढू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "काढायची तवा कुनी काढली न्हाई." माझ्या हातात तांब्या दिला, आईकडं न बघता आत गेली, आणि शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

बाई समोरच्या रस्त्याकडं बघत होत्या. मी पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला. मग पुढं सरकले, तोंड त्यांच्यासमोर आणलं आणि थांबले. बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांची नजर कपाळावर आली आणि तिथं थांबली. हात मांडीवरून उचलला गेला. त्यांच्या बोटाला अजून खोबरेलाचा वास येत होता. मी डोळे मिटले.

टिकलीचा एक काठ सुटला होता. बाईंनी तो अंगठ्यानं दाबून नीट बसवला.

"शोभती तुमाला," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊं द्या."